ठाण्यातली ‘फुल बॉडी’ पॅकेजेस: वाढलेलं वजन असेल तर काय घ्यावं, काय गाळावं

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये एक तरी जाहिरात चिकटवलेली असतेच. ८५ चाचण्या, घरपोच सॅम्पल, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर, मूळ किमतीवर काट मारून शेजारी निम्म्याहून कमी दर. नवी मुंबईत ऐरोलीपासून खारघरपर्यंत हेच चित्र. घरपोच पॅकेज हजार-दीड हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत मिळतं, हॉस्पिटलांची ‘हार्ट पॅकेज’ त्याहून महाग. लॅबगणिक नाव बदलतं, आतला माल जवळपास तोच आणि दर महिन्यागणिक खालीवर होतात. म्हणून इथे एकेका लॅबला तारे वाटत बसलेलो नाही. पोट सुटलेल्या, वजन वाढलेल्या ३० ते ६० वयाच्या माणसाला आपल्या हृदयाला धोका किती हे जाणून घ्यायचं असेल, तर हे पॅकेज कामाचं आहे का, एवढंच तपासलं आहे.

रक्ताचा भाग स्वस्तात आणि बऱ्यापैकी होतो. पण मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांचा एकत्र जमलेला गट, ज्या पाच गोष्टींवरून ठरतो, त्यांतल्या दोन रक्तात नसतातच. घरपोच सेवेत त्या बहुधा कोणी मोजतही नाही. उरलेल्या तिघांपैकी दोहोंच्या बाबतीत रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ रेंज खोटा दिलासा देऊ शकते.

त्या पाच गोष्टी अशा. कंबरेचा घेर दक्षिण आशियाई पुरुषात ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा वर (रक्तातले हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या खाली. रक्तदाबात वरचा आकडा १३० किंवा जास्त, नाहीतर खालचा ८५ किंवा जास्त. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. दाबाची, साखरेची किंवा ट्रायग्लिसराइड्सची गोळी चालू असेल तर आकडा चांगला आला तरी तो निकष लागू धरायचा. पाचांपैकी कोणतेही तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम. ही व्याख्या २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ, अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि इतर संस्थांनी मिळून ठरवली. त्याआधी कंबरेच्या मापावरून त्यांच्यात एकमत नव्हतं.

आता एक नमुना रिपोर्ट घेऊ. वय ४६, बाई. उपाशीपोटी साखर १०३, छापील रेंज ७४ ते १०६. एचडीएल ४६, रेंज ४० ते ६०. ट्रायग्लिसराइड्स १४८, एकूण कोलेस्टेरॉल १७२, एलडीएल ९६. रिपोर्टभर एकही ठळक किंवा लाल अक्षर नाही. ॲप हिरवी बरोबरची खूण दाखवून अभिनंदन करतं. आता टेप आणि बीपीचं मशीन काढा: कंबर ८८, दाबाची सरासरी १३२/८४. पाचांपैकी चार निकष जुळले. साखर १०० च्या वर आहे, पण अनेक लॅब यंत्राच्या किटसोबत आलेली रेंज जशीच्या तशी छापतात, म्हणून १०३ खपून गेली. एचडीएलला बाई-पुरुष असा भेद न करता एकच रेंज लावली, म्हणून ४६ ही खपली. कंबर आणि दाब तर कोणी विचारलेच नव्हते.

हे निव्वळ आकड्यांचं खुसपट नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांना हृदयविकार-पक्षाघाताचा धोका नसलेल्यांच्या साधारण दुप्पट असतो, हे मोठ्या एकत्रित विश्लेषणांतून पुढे आलेलं आहे. मधुमेह होण्याचा धोका तर पाचपटीच्या घरात जातो. दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक इतर देशांतल्या लोकांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे पंचेचाळिशीतली ‘काठावरची’ साखर पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखी नसते.

वरच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९६ आहे म्हणून खूश होण्यातही एक मेख आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी यकृताकडे सतत स्निग्धाम्लं सोडत राहते. यकृत त्यातून ट्रायग्लिसराइड्सने भरलेले कण बनवून रक्तात सोडतं. ते वाढले की एचडीएल घसरतं आणि एलडीएलचे कण लहान, दाट आणि संख्येने जास्त होतात. आपण मोजतो ते कणांमधलं कोलेस्टेरॉल, कणांची संख्या नव्हे. वजनदार माणसाचं एलडीएल बेताचं दिसत असतानाही धमनीच्या भिंतीत शिरणारे कण भरपूर असू शकतात ते यामुळे. उपाय फुकट आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १७२ वजा ४६ म्हणजे १२६. हे नॉन-एचडीएल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या माणसात ते १३० च्या खाली हवं, जास्त धोका असेल तर १०० च्या खाली. एलडीएलसाठी हेच आकडे अनुक्रमे १०० आणि ७०. आपण कुठल्या गटात बसतो त्यावर १२६ चांगलं की वाईट ते ठरतं, आणि तो गट रिपोर्टचं यंत्र ठरवू शकत नाही.

८५ चाचण्या म्हणजे किती?

जाहिरातीतला आकडा हा निव्वळ मोजणीचा खेळ आहे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एक चाचणी, एका नळीतून एका यंत्रावर होते. पण तिच्या रिपोर्टच्या वीसेक ओळी वीस चाचण्या म्हणून धरल्या जातात. यकृताच्या दहा-बारा, लघवीच्या पंधरा-वीस. लिपिड प्रोफाइलमध्ये प्रत्यक्ष मोजतात ती एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स, क्वचित एलडीएल. पुढची व्हीएलडीएल आणि तीन-चार गुणोत्तरं हा कॅल्क्युलेटरचा हिशेब. म्हणजे ८५ च्या पॅकेजमध्ये खऱ्या अर्थाने दहा-बारा चाचण्या असतात. तेवढ्यासाठी हजार-दीड हजार रुपये वाईट दर नाही, सुट्या केल्या तर जास्तच लागतात. पण ८५ वाल्यापेक्षा ११० वालं चांगलं असं समजून पुढच्या पायरीवर चढू नका. तिथे वाढतात ती बहुधा जीवनसत्त्वं, लोह, अमायलेज, संधिवाताची चाचणी आणि कधी कधी कॅन्सर मार्कर. लक्षण नसताना सीईए किंवा सीए-१२५ करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं. मार्कर किंचित वाढलेला निघतो, मग सोनोग्राफी, मग सीटी, आणि शेवटी काहीच नसतं.

सॅम्पल घेताना

घरपोच सेवेत गुण आणि दोष दोन्ही इथेच आहेत. सॅम्पल घ्यायला येणारी मुलं-मुली बहुतेक तरबेज असतात, टोचणं चांगलं असतं. अडचण पुढे येते. सकाळी साडेसहाला कासारवडवलीत घेतलेली नळी मानपाडा, ढोकाळी, वर्तकनगर करत नऊ-साडेनऊला सेंटरवर पोचते. घोडबंदरवर वाहतूक तुंबली की आणखी उशीर. रक्त नळीत असतानाही पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत, पेशी वेगळ्या न करता ठेवलं तर ताशी सुमारे ५ ते ७ टक्के साखर उतरते. १०३ ची साखर दोन तासांत ९० च्या आसपास येते आणि प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, कागदावरून पुसला जातो.

म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लुराइडवाली नळी वेगळी घेतली का ते पाहा. ती नसेल तर विचारा. फ्लुराइडचा असर पूर्ण बसायलाही तास-दोन तास जातात, तरी साध्या नळीपेक्षा पुष्कळ बरं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) आणि सीबीसीला जांभळं टोपण, लिपिड-यकृत-किडनीला पिवळं किंवा लाल. पिवळ्या-लाल नळीतलं रक्त अर्धा तास गोठू देऊन मग सेंट्रिफ्यूज करायचं असतं. तासन्‌तास तसंच फिरलं तर पोटॅशियमही खोटं वाढतं.

सगळ्यांना पहिला स्लॉट हवा असतो, कारण उपास लवकर सुटतो. पण पहिल्या स्लॉटची नळी बॅगेत सर्वांत जास्त वेळ राहते. बुकिंग करताना ‘सॅम्पल सेंटरवर किती वाजता पोचतं’ हे विचारावं. तीन तासांचं उत्तर आलं तर सरळ नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या किंवा वाशीतल्या सेंटरवर चालत जाऊन रक्त द्यावं. ज्यांची साखर काठावर आहे त्यांनी तर घरपोचचा मोह सोडलेलाच बरा.

बाकीच्या बाबी झटपट. उपास १० ते १२ तासांचा, पाणी चालतं, कोरा चहाही नको. आदल्या दोन दिवसांत दारू नको, ट्रायग्लिसराइड्स उगाच फुगतात. ताप, दाताचं दुखणं, पोट बिघडणं असं काही नुकतंच झालं असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आजारपणात साखर वाढते आणि कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची चाचणी चुकू शकते, निदान दोन दिवस आधी बंद करा. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरात सुटला पाहिजे. नळीवर नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहिली गेली पाहिजे, गाडीत बसून नव्हे.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली आहे का हे जाहिरातीवर न पाहता रिपोर्टवरच्या चिन्हावर आणि प्रमाणपत्राच्या क्रमांकावर पाहावं. मान्यता चाचणीनिहाय असते. एकाच लॅबच्या सगळ्याच चाचण्या तिच्या कक्षेत असतील असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर यादी शोधता येते.

एचबीए१सी: चांगली चाचणी, पण आंधळा विश्वास नको

जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये ती असते ही जमेची बाजू. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर मधुमेह. एकदाच वर आली आणि लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करावी लागते. मोजण्याची पद्धत ‘एचपीएलसी’ असावी, रिपोर्टखाली ती याच नावाने लिहिलेली असते.

खोट कुठे येते? लोह कमी असलेल्या बायकांत ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते. नुकता रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त चढवलेलं असेल तर तिच्यावर भरवसा नाही. उल्हासनगर, कल्याण, ठाणे, मुलुंड या पट्ट्यातल्या सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनमधला सौम्य आनुवंशिक दोष, तुलनेने जास्त आढळतो. त्यातही ही चाचणी दगा देते. त्याच पॅकेजच्या सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बराच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र जास्त असं दिसलं, तर एचबीए१सीवर निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना ते दाखवा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी यांचं जमत नसेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची चाचणी करावी: १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० आणि वर मधुमेह. पोहे खाऊन दोन तासांनी दिलेलं ‘पीपी’ या कामाचं नाही. प्रत्येकाची पोह्यांची बशी वेगळी.

पॅकेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी

कंबर. लागतं काय तर न ताणणारा फायबरचा टेप. स्टेशनजवळच्या शिलाईसामानाच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. जुना कापडी टेप ताणून सैल झालेला असतो, त्यावर माप कमी दिसतं. उभं राहून शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपा, दोहोंच्या मधोमध बाजूला पेनाने खूण करा. टेप तिथून जमिनीला समांतर फिरवा. पाठीमागे तो खाली घसरतो, म्हणून आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका, टेप मांसात रुतवू नका. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

पँटचा नंबर हे माप नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो. ३४ ची पँट घालणाऱ्याची खरी कंबर ४० इंच असू शकते. बेंबीवर मोजणंही बरोबर नाही, कारण पोट ओघळलं की बेंबीही खाली येते. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांना जरा कमी, ८० म्हणजे साडेएकतीस. आणखी एक साधी कसोटी: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. १६४ सेंटिमीटर उंचीला ८२ ही हद्द.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पॅकेजच्या फॉर्मवर विचारतात, पण अनेक ॲप ३० च्या वर गेल्यावरच लठ्ठपणा दाखवतात. भारतीयांसाठी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो. २७ बीएमआयच्या माणसाला ॲपने पिवळा रंग दाखवला तर त्यावर विसंबू नये. उलट बाजूही आहे: २२ बीएमआय, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशा माणसाला ॲप हिरवा रंग देतं, टेप मात्र त्याला पकडतो. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जवळपास ४० टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं होतं, तर बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २९ टक्क्यांच्या आत होता. मधली माणसं वजनकाट्यावर सापडत नाहीत.

रक्तदाब. काही सेवा सॅम्पलसोबत ‘फ्री बीपी’ देतात. ते वाचन जवळपास निरुपयोगी. जिने चढून आलेला मुलगा, सुईची धास्ती, सोफ्यावर तिरके बसलेले तुम्ही, आणि बॅगेत एकच मापाचा पट्टा. वजनदार माणसाच्या बाबतीत हा पट्टाच सर्वांत मोठा घोटाळा करतो. मशीनसोबत बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा पट्टा येतो. दंडाचा घेर ३६ असेल तर तो पट्टा दाब जास्त दाखवतो. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत, मोठा पट्टा लागणाऱ्यांना मधल्या मापाचा बांधला तेव्हा वरचा आकडा सुमारे ५ ने जास्त आला, आणि ज्यांना सर्वांत मोठा हवा होता त्यांच्यात जवळपास २० ने. वीस! म्हणजे १२४ चा १४४ होतो आणि नको असलेली गोळी सुरू होते. मशीन घेण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा. ३२ च्या वर असेल तर २२ ते ४२ चा किंवा ३२ ते ४२ चा पट्टा त्याच कंपनीचा मागवा. एका कंपनीचा पट्टा दुसऱ्याच्या मशीनला लावू नये. मनगटावरचं मशीन टाळा. खिळखिळा पारा किंवा स्मार्ट घड्याळ हा पर्याय नव्हे.

मोजण्याची रीत: अर्धा तास आधी चहा, सिगारेट, तंबाखू नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, बाही वर सरकवून दंड आवळू न देता. एक मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं. असं सकाळी औषधाआधी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर उच्च रक्तदाब धरतात; मेटाबॉलिक सिंड्रोमचा १३०/८५ चा निकष त्याहून वेगळा. पहिल्यांदा दोन्ही हातांत मोजा, आणि पुढे ज्या हातात जास्त येतो त्यातच.

वरचे पैसे कुठे घालावेत

पॅकेजबाहेरच्या दोन चाचण्या खरोखर घेण्यासारख्या आहेत. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ही पहिली. नेहमीच्या लघवी तपासणीतली पट्टी थोडं प्रोटीन पकडू शकत नाही. दाब-साखरेने किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना लागलेली झळ या गुणोत्तरात आधी दिसते. ३० च्या वर आलं तर सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करून पाहावं, कारण व्यायाम आणि ताप यांनीही ते वाढतं. दुसरी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका खास कणाची मोजणी. ही आनुवंशिक असते, आहाराने फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली की पुरे. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर ही गाळू नका.

ट्रायग्लिसराइड्स चढे असतील तर अपो-बी उपयोगी, कारण ती थेट कणांची संख्या सांगते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर सूत्राने काढलेलं एलडीएल धरूच नये. अशा वेळी नॉन-एचडीएल किंवा अपो-बीवर जावं. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) पॅकेजमध्ये असतं ते बरं, कारण मंद थायरॉइडनेही कोलेस्टेरॉल चढतं. हाय-सेन्सिटिव्ह सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी चाचणी, मध्यम उपयोगाची. लठ्ठपणात ती तशीही वाढलेली असते, आणि १० च्या वर आली तर बहुधा कुठेतरी संसर्ग आहे. उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर हा आकडा यांचं सध्या फार पेव फुटलंय. लॅबगणिक आकडे बदलतात, आणि कंबर व ट्रायग्लिसराइड्स कळल्यावर त्याने उपचार काही वेगळा होत नाही. गाळा.

यकृताचा एक हिशेब मात्र पॅकेजच्या आकड्यांतून फुकट निघतो आणि रिपोर्टवर क्वचितच छापतात. फिब-४ (एएसटी आणि एएलटी ही यकृताची एंझाइम्स): वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट्स हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). ४६ वय, एएसटी ३८, एएलटी ६४, प्लेटलेट्स २१० हजार: १७४८ भागिले १६८०, म्हणजे १.०४. १.३ च्या खाली असेल तर यकृत कडक होण्याचा धोका कमी. आता ५५ वय, एएसटी ५८, एएलटी ४९, प्लेटलेट्स १६०: ३१९० भागिले ११२०, म्हणजे २.८५. २.६७ च्या वर गेलं की पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. दुसऱ्या माणसाचे एंझाइम्स पहिल्याहून फार वेगळे दिसत नाहीत, हे लक्षात घ्या. सोनोग्राफीवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून आलं आणि ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून दिलं, असं फार होतं. पुष्कळांना असतं हे खरंही आहे, पण कडकपणा कोणाला आहे हे शोधायचं असतं.

हॉस्पिटलच्या हार्ट पॅकेजमध्ये ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट वाढतात. स्ट्रेस टेस्ट ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून बघते की रक्ताचा पुरवठा अडतोय का. त्यासाठी धमनी बरीच अरुंद झालेली लागते. ३० टक्के अडथळा तिला दिसत नाही, आणि तोच फुटून अटॅक येऊ शकतो. लक्षण नसलेल्या चाळिशीच्या बाईत ती खोटी पॉझिटिव्हही पुष्कळदा येते. म्हणून ‘स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, आता पाच वर्षं बघायला नको’ हा निष्कर्ष चूक. औषध सुरू करावं की नाही असा खरा पेच असेल तर सीटी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप, जास्त सांगतो. त्याला रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही आणि किरणोत्सर्गही बेताचा. शून्य म्हणजे पुढची काही वर्षं धोका कमी, १०० च्या वर म्हणजे स्टॅटिनकडे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीकडे) कल, ४०० च्या वर म्हणजे गंभीर. तिशी-पस्तिशीत मात्र शून्यावर फार विसंबू नये, त्या वयात साठलेल्या थरात अजून कॅल्शियम जमलेलं नसतं. आणि चालताना छातीत आवळून येत असेल, जबड्यात-हातात कळ जात असेल, घाम फुटत असेल तर कसलंही पॅकेज बुक करायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.

रिपोर्टनंतरची ‘मोफत’ सेवा

पाच मिनिटांचा डॉक्टरचा फोन ठीक, निदान विचारायला माणूस मिळतो. त्यांना कंबर आणि दाबाची सरासरी स्वतःहून सांगा, ते बहुधा विचारत नाहीत. आहाराची पीडीएफ मात्र बेकार. किनवा, ॲव्होकॅडो आणि ओट्स लिहिलेल्या कागदाचा भात-आमटी, भाजी-पोळीच्या घरात काही उपयोग नाही. इथे धरायच्या गोष्टी साध्या आहेत: ताटातला भात निम्मा, डाळ-उसळ दुप्पट, चहा दिवसाला चार कप असेल तर साखरेचे आठ चमचे तिथेच, संध्याकाळचा वडापाव-फरसाण रोजचा की आठवड्याचा. ७५ किलोच्या माणसाने ४ ते ५ किलो घटवले तरी ट्रायग्लिसराइड्स, दाब आणि साखर तिन्ही हलतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये आहार आणि चालण्याने प्रीडायबेटिसचा मधुमेह होण्याचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं होतं, आणि तिथे वजन फारसं उतरलेलंही नव्हतं. उपवन तलावाला किंवा पाम बीचला आठवड्यात १५० मिनिटं झपाझप चालणं हा त्यातला निम्मा भाग.

महिन्याभरात ‘रिपीट पॅकेज’साठी फोन येतो. घेऊ नका. एचबीए१सी तीन महिन्यांआधी पुन्हा करण्यात अर्थ नसतो. स्टॅटिन सुरू केलं किंवा डोस बदलला तर लिपिड सहा ते बारा आठवड्यांनी, तेही नुसतं लिपिड आणि एएलटी, ८५ ओळी नव्हेत. वजन भराभर उतरत असताना एचडीएल तात्पुरतं घसरतं. वजन स्थिर झाल्यावर मोजलेलं खरं. सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा पुरे.

ज्यांना हजार रुपयेही जड आहेत त्यांच्यासाठी: ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची दाब आणि साखरेची तपासणी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत होते. तिथे कंबरही मोजतात, कारण त्यांच्या जोखमीच्या फॉर्ममध्येच तो रकाना आहे. एवढ्या बाबतीत घरपोच पॅकेजपेक्षा ते केंद्र सरस. साखर उपाशीपोटी तपासली असेल तर लिपिड बाहेरून सुटं करून घेतलं की पाचही निकष पूर्ण होतात.

पॅकेज घ्यायचंच तर मागणी अशी ठेवावी: सीबीसी, उपाशीपोटीची साखर राखाडी नळीत, एचबीए१सी, लिपिड, एएसटी-एएलटीसह यकृत, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, टीएसएच, लघवी, वर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि एकदाच लायपोप्रोटीन-ए. बिल ज्याची तपासणी झाली त्याच्या नावाने आणि तारखेसह घ्या. जुन्या करपद्धतीत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीवर वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आई-वडिलांची तपासणीही त्यात धरता येते, आणि इतर आरोग्यखर्चासारखी यात रोखीने पैसे दिल्याची आडकाठी नाही.